कोमट पाण्याची साक्ष

"सरकारी माणूस दारात आला की आधी बसायला खुर्ची दे, मग कागद माग. आणि ओरडायचंच असेल तर तो गेल्यावर ओरड."

सासऱ्यांचा हा आवाज वहिनींच्या कानात अजून ताजा होता. माणूस जाऊन वर्षं लोटली, पण त्यांच्या सूचना लाँड्रीच्या भिंतींना ओलीसारख्या धरून राहिल्या होत्या. सोडा अंदाजाने टाकायचा नाही, दवाखान्याची चादर हॉटेलच्या टॉवेलांत मिसळायची नाही, आणि सरकारी माणसाला आधी खुर्ची. म्हणून त्या दिवशी निरीक्षक हेल्मेट काखेत मारून दारात उभा राहिला तेव्हा वहिनींनी ओल्या हातांनीच खुर्ची पुढे सरकवली, हात पुसले आणि मग कागद मागितला.

त्या खरं तर एकाच माणसाच्या वहिनी, बॉयलर सांभाळणाऱ्या त्यांच्या दिराच्या. पण दीर दिवसभर 'वहिनी, वहिनी' असा इतका पुकारा करायचा की आधी इस्त्रीवरच्या बायका, मग गिऱ्हाइकं आणि शेवटी सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणू लागली. नवरा गेल्यावर लाँड्रीचा गाडा या दोघांनी ओढला. पहाटे देवाचं नाव घेऊन बॉयलर पेटवायचा, आणि दिवस मावळताना शेवटची चादर घडी घालून गाडीत चढवायची. यात सणवार नाही, दुखणं-खुपणं नाही. दवाखान्यातला आजारी माणूस काही चादरीसाठी थांबत नाही.

नोटीस छोटीशीच होती. लाँड्रीचं साबणाचं पाणी मागच्या बोळातल्या गटारात उतरतं, तिथून शेजारच्या रोपवाटिकेत शिरतं आणि रोपं जळतात, अशी तक्रार आहे. तरी परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा सुनावणीला येऊन करावा. तक्रार रोपवाल्या काकांची.

काका काही परके नव्हते. सासऱ्यांचे पत्त्यांतले भिडू. सासरे गेल्यावरही येता-जाता 'सूनबाई, बरं आहे ना' म्हणून विचारणारे. गेले काही महिने मात्र ते मान वळवून जात होते, आणि वहिनींना वाटलं होतं, म्हातारपण आहे, ऐकू कमी येत असेल.

दिराने विचारलं, म्हणजे आता कुलूप लावणार का. निरीक्षक हसला. कुलूप लावणारा मी कोण, म्हणाला. माझं काम बघायचं, मोजायचं आणि लिहायचं. ठरवणारं माणूस वेगळं, आणि त्या माणसालाही तुमचं ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून तर हे बोलावणं. मग त्याने खरोखरच सगळं पाहिलं. सासऱ्यांनी घातलेला मोठा पाइप पुढच्या रस्त्याच्या भुयारी गटाराला मिळतो, तो पाहिला. मागच्या बोळात जाऊन उघड्या गटाराचा नकाशा काढला, पाण्यावर फेस आहे असं लिहिलं, आणि वरच्या अंगाला भांडी घासणारी खानावळ आहे हेही लिहिलं.

तो गेल्यावर दिराने सासऱ्यांची ओरडण्याची सूचना पाळली आणि मनसोक्त ओरडून घेतलं. "फेस काय आपल्या एकट्याच्या मालकीचा आहे? खानावळवाला काय राखेने भांडी घासतो?"

वहिनींनी निरीक्षकाची खुर्ची उचलून जागेवर ठेवली. पाइप पुढे जातो हे खरं होतं. पण जमिनीच्या पोटात काय चाललंय ते कोणाला दिसतं? परवाना गेला तर दवाखाने त्याच दिवशी गाडी दुसरीकडे वळवणार होते. लाँड्री बंद म्हणजे इस्त्रीवरच्या बायकांचं घर बंद, दिराच्या पोरांची शाळा बंद.

परवाना विभागाच्या अधिकारी बाईंबद्दल गल्लीने बरंच ऐकलं होतं. ठेंगणी मूर्ती, आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप गप्प बसावं लागे. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. न्हाव्याने सांगितलेली गोष्ट अशी, की एकदा कोणी वजनदार माणूस त्यांच्या टेबलापाशी वाकून म्हणाला, अमक्याचं दुकान आजच्या आज बंद करा. बाईंनी शांतपणे नियमांचं पुस्तक त्याच्याकडे फिरवलं आणि विचारलं, कोणत्या नियमाखाली, तेवढं बोट ठेवून दाखवा. तो पानं चाळत बसला आणि बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली. न्हावी म्हणायचा, या बाईला कायद्याने मूठभर दिलंय, ती त्यातली चिमूट सोडणार नाही आणि चिमूटभर वर घेणारही नाही. दिराचं म्हणणं, न्हाव्याच्या गोष्टीतले निम्मे केस कापून टाकावे लागतात. पण सुनावणीच्या सकाळी दाढी मात्र तो त्याच्याकडूनच करून आला.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, खिडकीत कबुतरं, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून. एका बाजूला काका, एका बाजूला वहिनी आणि दीर, मध्ये निरीक्षक. बाईंनी बसल्या बसल्या सगळ्यांना आधी सांगितलं की आपल्या हातात काय आहे आणि काय नाही. परवाना या विभागाने दिला आहे, तेव्हा तो ठेवायचा, थांबवायचा, त्याला अट घालायची की रद्द करायचा, एवढं आपण ठरवू शकतो. कोण चांगला शेजारी आणि कोण वाईट, हे ठरवायला आपल्याला कोणी बसवलेलं नाही. निरीक्षकाचा अहवाल त्यांनी मोठ्याने वाचायला लावला, आणि प्रत्येक मुद्द्यापाशी थांबून दोन्ही बाजूंना विचारलं, यावर काही म्हणायचं आहे का.

काकांनी करपलेली रोपं पिशवीतून आणली होती. गुलाबाची, मिरचीची. पानांच्या कडा कोणी उदबत्तीने डागल्यासारख्या. वहिनींना ती बघवेनात. त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं: पाइप पुढे जातो, मागे गटारात आम्ही काही सोडत नाही, खानावळ वरच्या अंगाला आहे. बाईंनी ऐकलं. ऐकताना त्या पेन खाली ठेवायच्या आणि माणसाकडे बघायच्या, म्हणून माणूसही जरा जपून, खरं तेवढंच बोलायचा. शेवटी, निकाल कारणांसह लेखी मिळेल, आणि पटला नाही तर वर उपायुक्तांकडे दाद मागता येईल, असं सांगून त्यांनी दोघांना नमस्कार केला.

बाहेर आल्यावर दीर म्हणाला, हरलो तरी चालेल वहिनी, पण हिच्यासमोर हरलो असं सांगता येईल. वहिनींनाही तसंच काहीसं वाटत होतं, पण त्या त्याला रागावल्या. हरण्याची भाषा कशाला?

निकालाऐवजी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा सगळेच गोंधळले. निरीक्षकालाही ठाऊक नव्हतं. काका पिशवी न घेताच आले होते.

या वेळी बाई टेबलामागे बसल्याच नाहीत. त्या टेबलाच्या अलीकडे, जिथे साक्ष द्यायला आलेल्या माणसासाठी एक साधी खुर्ची असते, तिथे येऊन बसल्या. कारकून उठून उभा राहिला. त्याला कळेना, आता वहीत सुरुवात कशी करायची. तो हळूच म्हणाला, "बाई, आज सुनावणी कोणासमोर, म्हणून लिहू?"

"कोणासमोरच नाही, असं लिहा," बाई म्हणाल्या. "आज सुनावणी नाही. मला या सगळ्यांना काही सांगायचं आहे."

मग त्यांनी सांगितलं. निकाल लिहायला बसल्या, पण कागदावरून त्यांना पाणी दिसेना. नकाशा होता, फेस होता, खानावळ होती, पण कोणाच्या पोटावर पाय द्यायचा तर नुसत्या रेघांवरून कसा द्यायचा? म्हणून एका पहाटे त्या कोणाला न सांगता, एकट्याच, मागच्या बोळात गेल्या. खानावळीचं शटर खाली होतं. लाँड्रीच्या बॉयलरचा आवाज येत होता. गटारात फेस होता. त्यांनी वाकून पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं.



कोमट पाणी म्हणजे लाँड्रीचं, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण धक्का ओसरायच्या आतच दुसरा विचार वहिनींच्या मनात आला, आणि तो त्यांना पुढे कित्येक दिवस पुरला. या बाई गप्प बसल्या असत्या तर? खुर्चीवर बसून 'परवाना रद्द' एवढं लिहिलं असतं तर कोणाला कळलं असतं, की निकाल कागदांवरून नाही, त्या कोमट पाण्यावरून लागला? आपण जन्मभर खानावळीच्या नावाने बोटं मोडत बसलो असतो.

बाई सांगत होत्या, बघायला जाणं चूक नव्हतं. चोरून जाणं चूक होतं. जायचं तर तुम्हा दोघांना कळवून, बरोबर घेऊन जायचं. मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलेलं नाही, त्यावर तुम्हाला काही विचारता आलेलं नाही. ज्याचं उत्तर द्यायची संधी मिळाली नाही, असं काही मनात ठेवून निकाल देणं म्हणजे ऐकल्याचं नाटक झालं. तेव्हा हे प्रकरण आता उपायुक्तांकडे जाईल. आज मला काय विचारायचं ते विचारा. तिथेही बोलावतील तेव्हा मी येईन आणि हेच सांगेन.

उपायुक्त म्हटल्यावर दिराचा चेहरा पडला. त्या साहेबांना सगळं गाव पाठीमागे 'कात्री' म्हणे. परवाना त्यांच्या टेबलावर गेला की दोन तुकडे होऊनच खाली येतो, अशी ख्याती. दिराने हात जोडले. म्हणाला, बाई, तुम्ही पाहिलं ते पाहिलं, आमची काही हरकत नाही, पण निकाल तुम्हीच द्या. लिहून देतो हवं तर.

"आज तुम्हाला चालतंय," बाई म्हणाल्या. "निकाल विरुद्ध गेला की चालणार नाही. बाजूने गेला तर काकांना चालणार नाही. आणि असं बघा, मी काय पाहिलं ते तुम्ही मला विचारणार. उत्तर मी देणार. आणि ते उत्तर खरं की खोटं, हेही मीच ठरवणार. तुमच्या लाँड्रीत मळका कपडा स्वतःच म्हणतो का, मी झालो स्वच्छ?"

निरीक्षक खुदकन हसला आणि लगेच गंभीर झाला. दिराने जोडलेले हात खाली घेतले.

काकांनी विचारलं, माझी रोपं पाहिलीत का. पाहिली, बाई म्हणाल्या, कुंपणाच्या बाहेरून. गटाराकडच्या ओळी करपलेल्या, लांबच्या हिरव्या. काकांनी मान हलवली. मग वहिनी उठल्या. एवढ्या मोठ्या अधिकारी बाईला आपण प्रश्न विचारायचा, ही कल्पनाच त्यांना पेलत नव्हती. पण बाई त्यांच्याकडे तशाच बघत होत्या, पेन खाली ठेवून बघत तशा.

"पाणी आमच्या भिंतीतून येताना पाहिलंत का?"

"नाही. कुठून येतं ते मला दिसलं नाही. कोमट होतं, एवढंच मला माहीत आहे. त्याच्यापुढे मी काही म्हणणार नाही, तिथेही नाही."

कारकुनाने हे शब्द लिहून घेतले. बाई उठल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेरच्या दाराने गेल्या. टेबलामागची खुर्ची तशीच राहिली.

घरी परतताना दीर तणतणत होता. एवढी शहाणी बाई, आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. आता वरचे साहेब तिलाही फैलावर घेतील आणि आपल्यालाही. वहिनींनी त्याला बोलू दिलं. लाँड्रीत शिरल्यावर त्या म्हणाल्या, भाऊजी, बॉयलर विझवा. मागच्या भिंतीलगतच्या, विसळायच्या हौदाखालची फरशी उचलायची आहे.

दीर त्यांच्याकडे बघतच राहिला. वेड लागलंय का, म्हणाला. तिने आपल्याला वाट काढून दिली आहे. खुद्द अधिकारी म्हणतेय, पाणी कुठून येतं ते दिसलं नाही. हे असं आयतं हातात असताना आपल्याच हाताने जमीन उकरायची?

"दिसलं नाही असं त्या म्हणाल्या," वहिनी म्हणाल्या. "नाही असं नाही म्हणाल्या. त्यांच्यासारखंच मलाही माहीत नाही. पण मला उकरून बघता येतं."

पहार आणली. फरशी निघाली, खालची माती निघाली, आणि कोपरभर खोलीवर सासऱ्यांनी घातलेल्या पाइपाचा सांधा दिसला. मोठा पाइप पुढेच जात होता, त्यात काही खोटं नव्हतं. पण हौदाकडून येणारा बारका पाइप जिथे त्याला मिळतो तिथे सांधा चिरला होता, आणि चिरेतून झिरपलेलं पाणी मातीला पोखरत, भिंतीच्या पायाखालून, थेट मागच्या बोळाकडे निघालं होतं. माती साबणाने बुळबुळीत झाली होती. वहिनींनी हात लावला. अजून ऊब होती.

दीर पहारीवर हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, वहिनी, रातोरात सांधा बदलू, वर फरशी बसवू. देवाशिवाय कोणाला कळणार?

"देवाला कळणार असेल तर आणखी कोणाला कळायला हवं?" वहिनी म्हणाल्या, आणि पदराने हात न पुसताच बाहेर पडून त्यांनी काकांचं दार वाजवलं.

काका आले. काठी टेकत खड्ड्यापाशी उभे राहिले. खाली वाकून बघितलं, माती चिमटीत धरून वास घेतला. वहिनींना वाटलं, आता बोलतील, बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण काका एवढंच म्हणाले, की हा सांधा बसवला तेव्हा मी इथे उभा होतो. तुझा सासरा म्हणाला होता, माझ्यानंतरही टिकेल. टिकला की बिचारा, त्याच्या मानाने पुष्कळ टिकला. आणि काठी टेकत निघून गेले. दीर म्हणाला, तक्रार मागे घेतो म्हणाले का? वहिनी म्हणाल्या, का घेतील? रोपं त्यांची जळली.

त्याच दिवशी त्यांनी निरीक्षकाला निरोप धाडला. तो आला, बघितलं, मोजलं, लिहिलं. विसळायचा हौद त्यांनी आपण होऊन बंद ठेवला, आणि दवाखान्याच्या चादरी दुसऱ्या गल्लीतल्या लाँड्रीत विसळून आणल्या. येता-जाता ओल्या चादरींच्या ओझ्याने दिराच्या कमरेचा काटा ढिला झाला. तो बाईंना दुवा देत होता की शिव्या, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

उपायुक्तांच्या कार्यालयाबाहेर एक लांब बाक होता. वहिनी पोचल्या तेव्हा त्या बाकाच्या टोकाला बाई बसलेल्या होत्या. गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र नव्हतं. निरीक्षकाने हळूच सांगितलं, की त्यांनी आज रजा टाकली आहे. अधिकारी म्हणून आले तर माझ्या बोलण्याला खुर्चीचं वजन येईल, मी साक्षीला आलेय, साक्षीसारखीच येते, असं म्हणाल्या. शिपायाने त्यांना आत बसायला सांगितलं होतं, पण त्या उठल्या नाहीत. सगळ्यांसारखी हाक येईपर्यंत बसून राहिल्या.

कात्रीसाहेब दिसायला मुळीच कात्रीसारखे नव्हते. जाडजूड, घामेजलेले, चष्मा कपाळावर. पण जिभेला धार होती. बाईंचं सांगून झाल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, इतकी वर्षं या कामात असून तुम्ही एकट्या कशा गेलात.

"कागदावर पाणी दिसेना म्हणून."

"सवय चांगली. रीत चुकली."

"हो," बाई म्हणाल्या. त्या 'हो'पुढे ना 'पण' होतं, ना 'मात्र'. वहिनींनी आयुष्यात पुष्कळ माणसं चुका कबूल करताना पाहिली होती. प्रत्येकाच्या हातात माफीबरोबर एक छत्री असायची. या बाई तशाच उन्हात उभ्या राहिल्या.

मग साहेबांनी वहिनींना विचारलं, काय म्हणायचं आहे. वहिनींनी सांधा चिरल्याचं सांगितलं, काकांना दाखवल्याचं सांगितलं, हौद बंद ठेवल्याचं सांगितलं. निरीक्षकाने दुजोरा दिला. साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. म्हणाले, हे तुम्ही सांगितलं नसतं तर या बाईंच्या साक्षीवर तुम्ही सुटलाही असता, कोणी सांगावं. वहिनी म्हणाल्या, साहेब, त्यांनी स्वतःविरुद्ध सांगितलं; मग मला गप्प बसायला लाज वाटली.

साहेबांनी निरीक्षकाचा अहवाल पुढे ओढला. मग त्यांनी तोंडी सांगायला सुरुवात केली, आणि कारकून लिहू लागला. रद्द करणं, थांबवणं, अट घालणं, तिन्ही आपल्या हातात आहेत. हातात आहे म्हणून सगळ्यांत जड तेच उचलून मारावं असं नाही. दोष जुन्या सांध्याचा, हेतूचा नाही. दोष कळल्यावर झाकलेला नाही. म्हणून परवाना राहील. नवा सांधा बसवून निरीक्षकाने तपासेपर्यंत हौद बंदच राहील, आणि पुढे ठरावीक काळाने तपासणी होईल. दोघांपैकी कोणाला हे पटलं नाही तर न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे.

काकांनी काठी उचलून विचारलं, आणि माझे वाफे? माती मेलीय माझी. त्याचं काय?

कात्रीसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ते म्हणाले, काका, तुमचं नुकसान झालं हे मला दिसतंय. पण ते भरून द्या असं यांना सांगायचा अधिकार कायद्याने मला दिलेला नाही. मी परवान्यापुरता. ते हवं असेल तर न्यायालयात मागावं लागेल. माझ्या मनात आलं म्हणून मी तसं लिहिलं, तर ते कागदावर दिसेल आणि तुमच्या हाती काही पडणार नाही.

काकांनी काठी खाली टेकली. त्या वयात न्यायालयाच्या पायऱ्या कोण चढणार?

बाहेर दिराला हसू आवरत नव्हतं. कात्रीने नख कापलं आणि बोट ठेवलं, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. वहिनी मात्र बाकापाशी थांबल्या. बाई पिशवी उचलून निघतच होत्या. वहिनींना पुष्कळ बोलायचं होतं, पण जमलं एवढंच, की तुम्हाला आमच्यापायी ऐकून घ्यावं लागलं. बाई म्हणाल्या, ऐकून घेणं हेच तर माझं काम, आज जरा दुसऱ्या बाजूने केलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, इतक्या दिवसांत प्रथमच, बारीकसं हसू आलं. मग त्या जिना उतरून गेल्या, कठड्याला हात लावत, सावकाश.

काका मागे राहिले होते. त्यांच्यासाठी रिक्षा थांबवायला दीर पुढे धावला होता. वहिनी त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "काका, साहेबांना अधिकार नाही. मला आहे. तुमच्या वाफ्यांची माती मी बदलून देते. माझ्या हाताने."

"तुला लाँड्री कमी आहे का, सूनबाई?" काका म्हणाले. आवाज चिडका होता, पण शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेला होता, आणि तो परत घ्यायची त्यांनी खटपट केली नाही.

"उद्यापासून," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दीर आला तेव्हा बॉयलर पेटलेला होता, चादरींची पहिली खेप सोड्यात भिजत होती, आणि वहिनी कुठे दिसेनात. इस्त्रीवरच्या बाईने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. बोळात अजून पुरतं फटफटलं नव्हतं. गटार कोरडं होतं. वहिनींनी पदर खोचला होता, एका हातात फावडं आणि डोक्यावर घमेलं, आणि त्या ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत, कोणाला हाक न मारता, रोपवाटिकेच्या फाटकाकडे चालल्या होत्या.